उपकरणातली सुरक्षा कुठे संपते: स्वयंपाकघरातली आग टाळण्यासाठी

आजच्या बहुतेक उपकरणांत काही ना काही सुरक्षा बसवलेली असते. पाणी उकळलं की केटल बंद होते, भांडं नसेल तर इंडक्शन तापत नाही, ज्योत विझली की नवी शेगडी गॅस तोडते, तारेतून फार वीज ओढली गेली की एमसीबी (वीज आपोआप तोडणारा खटका) ट्रिप होतो. तरीही आगी लागतात, कारण यातली प्रत्येक यंत्रणा फक्त एका गोष्टीवर नजर ठेवते. एमसीबीला जळणारं तेल दिसत नाही आणि शेगडीला सैल झालेला प्लग दिसत नाही. आपल्या घरातलं कुठलं उपकरण काय बघतं आणि कशाकडे त्याचं लक्ष नसतं, हे माहीत असलं की आपण नेमकं कुठे थांबायचं ते कळतं.

तेल: धूर हीच शेवटची सूचना

पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं आणि भांड्यात पाणी शिल्लक आहे तोवर तापमान तिथेच अडून राहतं. तेलाला असा अटकाव नाही. ते तापतच जातं, आणि तेवढ्याच वजनाच्या पाण्याच्या मानाने साधारण निम्म्या उष्णतेत तापतं. तळायला १७० ते १९० अंश पुरतात. रिफाइंड तेलं साधारण २०० ते २३० अंशांच्या आसपास धुरावू लागतात आणि ३५० अंशांच्या पुढे गेली की ठिणगी न लागताही पेट घेतात. धूर आणि भडका यांच्यामधलं हे अंतर म्हणजे आपल्या हातातला वेळ. मोठ्या आचेवर, पातळ भांड्यात, थोडं तेल असेल तर तो काही मिनिटांचाच असतो.

म्हणून तेलातून धूर दिसला की आच बारीक करत बसू नका, बंदच करा. जाड बुडाच्या भांड्यात साठलेली उष्णता आच बंद केल्यावरही तेलाला थोडा वेळ तापवत राहते. भांडं मात्र जागचं हलवू नका. धुरावलेलं तेल उचलून सिंककडे नेताना हिंदकळलं तर भाजणं आणि आग दोन्ही एकदम होतं.

एकदा वापरलेलं तेल पुन्हा तापवताना ते पहिल्या वेळेपेक्षा लवकर धुरावतं. तळताना तेलाचे घटक तुटत जातात आणि तळाशी राहिलेला चुरा आधी करपतो. तेल गार झाल्यावर गाळून ठेवा. ते काळपट, चिकट झालं असेल किंवा तापताना फेस धरत असेल तर टाकून द्या. तळणाच्या भांड्यात एक तृतीयांशापेक्षा जास्त तेल नको. ओला किंवा बर्फ लागलेला पदार्थ सोडला की पाण्याची क्षणात वाफ होते, तेल फसफसून काठावरून उतू जातं आणि थेट बर्नरवर पडतं. पदार्थ कागदाने टिपून कोरडा करा, बर्फाचे कण झाडून टाका आणि एका वेळी थोडे थोडे सोडा. भांड्याच्या काठाला अडकवायचा थर्मामीटर मिळतो. जे वरचेवर तळतात त्यांनी तो घ्यावाच, कारण डोळ्यांना १८० आणि २२० अंशांचं तेल सारखंच दिसतं.

घरगुती स्वयंपाकातल्या आगींचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे शेगडी चालू ठेवून तिथून निघून जाणं. पाण्यात शिजणाऱ्या पदार्थासाठी टायमर लावून शेजारच्या खोलीत जाता येतं. टायमर ओट्यावर न ठेवता सोबत न्यावा. तेलाला ही सवलत नाही. दारावरची बेल वाजली, फोन आला, मूल रडलं, तरी आधी आच बंद आणि मग बाकीचं. तळताना झाकण ओट्यावर हाताशी ठेवा, कपाटात नको. भांड्याचे दांडे आतल्या बाजूला वळवा, पण शेजारच्या पेटत्या बर्नरवर येऊ देऊ नका. शेगडीभोवती एक मीटरपर्यंत कागदी टॉवेल, प्लॅस्टिकच्या पिशव्या, पडद्याचं टोक, स्प्रेचे डबे यांतलं काही नको. हाताला अल्कोहोलचं सॅनिटायझर लावून लगेच बर्नरजवळ जाऊ नका. अल्कोहोलची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे पेट घेतल्याचं उशिरा कळतं.

तेल पुसलेल्या फडक्यांचा धोका अनेकांना ठाऊकच नसतो. कपड्यात मुरलेल्या खाद्यतेलाची हवेशी संथ रासायनिक क्रिया चालू असते आणि तिच्यातून उष्णता निघते. असं फडकं अर्धवट धुऊन ड्रायरमध्ये सुकवलं आणि गरम असतानाच घड्या घालून ढीग रचला, तर ती उष्णता आत कोंडते आणि ढीग काही तासांनी आपसूक पेटू शकतो. तेलकट फडकी गरम पाण्यात साबणाने नीट धुवा, दोरीवर पसरून वाळवा आणि पूर्ण गार झाल्यावरच घडी घाला.

गॅसची शेगडी

बर्नरच्या काठाशी धातूची एक बारीक कांडी दिसली तर ते बहुधा थर्मोकपल असतं. ज्योत विझून ती कांडी गार झाली की झडप मिटते आणि गॅस थांबतो. तिला फक्त ज्योत आहे की नाही एवढंच कळतं. ज्योतीवरचं भांडं कोरडं पडून जळत असलं तरी तिच्या दृष्टीने सारं ठीक असतं. कांडीवर उतू गेलेल्या पदार्थाची पुटं चढली की ती नीट तापत नाही, मग नॉब सोडला की ज्योत लगेच विझते. अशा वेळी नॉब चिमट्याने किंवा टेपने दाबून ठेवण्याचा उद्योग कधीही करू नका. कांडी पुसून स्वच्छ करा. जुन्या शेगडीत ही सोयच नसते. तिथे दूध किंवा पाणी उतू जाऊन ज्योत विझली तर गॅस तसाच वाहत राहतो.

लायटर आधी हातात घ्या आणि मग नॉब फिरवा. तीन-चार सेकंदांत पेटला नाही तर नॉब बंद करून मिनिटभर थांबा, साठलेला गॅस पांगू द्या. ज्योत निळी हवी. पिवळी, लांब, भांड्याला काजळी धरणारी ज्योत म्हणजे बर्नरची भोकं बुजली आहेत किंवा हवा कमी मिळते आहे. नळीला चीर, टणकपणा, तीव्र बाक दिसतो का ते महिन्यातून एकदा बघा, आणि ती ओव्हनच्या गरम पाठीला टेकत नाही ना तेही. तिच्यावर छापलेली मुदत संपली की नळी वरून चांगली दिसत असली तरी बदला. जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाहणं हीच गळतीची खात्रीची चाचणी. काडी पेटवून पाहणं ही चाचणीच नव्हे.

गॅसचा वास आला तर दिव्याचं, पंख्याचं, चिमणीचं कुठलंही बटण चालू किंवा बंद करू नका, कारण बटणात दोन्ही वेळा बारीक ठिणगी पडते. मुख्य झडप किंवा रेग्युलेटर बंद करा, दारंखिडक्या उघडा, घराबाहेर या आणि फोन बाहेरूनच करा. सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो. पाइपने येणारा नैसर्गिक वायू हलका असल्यामुळे छताकडे जातो. गॅस डिटेक्टर लावताना हे विसरलं तर तो असून नसल्यासारखा. एलपीजीसाठी तो जमिनीपासून साधारण ३० सेंटीमीटर उंचीवर, नैसर्गिक वायूसाठी छताखाली तेवढ्याच अंतरात लावतात.

इंडक्शन

ज्योत नाही म्हणून इंडक्शन निर्धोक, हा समज महागात पडतो. त्याचा तापमान मोजणारा सेन्सर काचेखाली मधोमध असतो. तो काचेचं तापमान बघतो, तेलाचं नाही. भांड्याचा बुडखा मध्ये वर उचललेला असेल तर काच आणि भांडं यांच्यात पोकळी राहते आणि सेन्सरला खरी स्थिती उशिरा कळते. तेवढ्यात दोन-चार चमचे तेल सर्वांत वरच्या पातळीवर झपाट्याने धुरावतं. भांडं सपाट आहे का हे पट्टी उभी धरून तपासा; पट्टीखालून उजेड दिसला तर ते भांडं तेलकामाला नको. मध्यम पातळीवर सुरू करा. तळण्याचा वेगळा मोड असेल तर माहितीपुस्तिकेत कमीत कमी किती तेल हवं ते दिलेलं असतं. त्याहून कमी तेलात तो मोड वापरू नका, कारण त्याचा सगळा हिशोब तेवढं तेल गृहीत धरून केलेला असतो. काच खराब होऊ नये म्हणून भांड्याखाली कागद किंवा कापड घालणं, इंडक्शन टेबलक्लॉथवर ठेवून खालची पंख्याची जाळी बुजवणं, हे दोन्ही टाळा.

काचेच्या किंवा कॉइलच्या इलेक्ट्रिक शेगडीचा कुणी ओट्यासारखा वापर करतो आणि पिशव्या, खोकी वर ठेवून देतो. नॉबला नुसता धक्का लागला तरी ती खोकी पेटतात. शेगडीचा पृष्ठभाग नेहमी मोकळा.

मायक्रोवेव्ह, ओव्हन, एअर फ्रायर

साधा मायक्रोवेव्ह तापमान मोजतच नाही, तो फक्त घड्याळ बघतो. पदार्थात पाणी आहे तोवर तो १०० अंशांच्या आसपास राहतो; पाणी आटलं की कोरडा भाग करपून धुमसू लागतो. त्यामुळे ब्रेडचा छोटा तुकडा, थोडासा सुकामेवा, वाळवायला टाकलेली पानं अशा कमी ओलाव्याच्या आणि कमी वजनाच्या गोष्टींनाच आग लागते. अशा वेळी २० ते ३० सेकंद लावा, बघा, मग पुन्हा लावा. ३० सेकंदांऐवजी चुकून ३ मिनिटं दाबली गेली तर तेवढंही पुरतं. चुरगळलेली फॉइल, सोनेरी कडा असलेली बशी, पिशवीला बांधलेली तारेची पट्टी यांच्या टोकांशी ठिणग्या पडतात. कपडे वाळवायला मायक्रोवेव्ह वापरू नका आणि तो रिकामा चालवू नका.

आतल्या भिंतीवर पुठ्ठ्यासारखी दिसणारी करडी चौकोनी पट्टी असते, ती मायकाची (अभ्रकाची) शीट. तिच्यामागून लहरी आत येतात. तिच्यावर उडालेलं तूप-तेल जळून काळं पडलं की तिथेच ठिणग्या उडू लागतात आणि पुढे शीटला भोक पडतं. ओल्या फडक्याने ती वरचेवर पुसा. काळा डाग जात नसेल किंवा भोक पडलं असेल तर त्याच मॉडेलची नवी शीट मागवा, पण शीट काढून मायक्रोवेव्ह वापरू नका.

एअर फ्रायरमध्ये तापलेली कॉइल पदार्थाच्या वर असते आणि पंखा जोराचा असतो. रिकाम्या भांड्यात बेकिंग पेपर घालून तो आधी गरम करायला लावला, तर कागद उडून कॉइलला चिकटतो आणि पेटतो. कागद नेहमी पदार्थाच्या वजनाखाली दाबलेला हवा आणि टोपलीच्या तळापेक्षा मोठा नको. थर्मोस्टॅट आतल्या हवेचं तापमान बघतो, खालच्या ट्रेमध्ये साठलेल्या चरबीचं नाही. चरबीचे पदार्थ लागोपाठ करत असाल तर प्रत्येक घाण्यानंतर ट्रे रिकामा करून पुसा. प्लग काढून, पूर्ण गार झाल्यावर फ्रायर उलटा धरा आणि वरच्या कॉइलवर काळे थर दिसतात का ते बघा. धूर येत असेल तर कारण बहुधा तिथेच सापडतं.

ओव्हन किंवा ओटीजीच्या (ओव्हन-टोस्टर-ग्रिलच्या) पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना किमान १० ते १५ सेंटीमीटर जागा सोडा, वर काहीही ठेवू नका. बेकिंग पेपरच्या खोक्यावर कमाल तापमान छापलेलं असतं, बहुतेक वेळा २२० अंशांच्या आसपास. त्यापुढे तो तपकिरी होऊन ठिसूळ होतो. मेणकागद ओव्हनमध्ये चालत नाही, त्याचं मेण वितळून धुमसतं.

टोस्टर आणि केटल

टोस्टरचा चुरा म्हणजे वाळलेलं सरपण. खालचा ट्रे आठवड्यातून एकदा झटका. जाड किंवा वाकडी स्लाइस अडकली तर काही टोस्टरमध्ये खटका वर येत नाही आणि कॉइल तापतच राहते. तेव्हा सुरी घालण्याआधी सॉकेटचं बटण बंद करून प्लग काढा. लोणी किंवा चीज लावलेला ब्रेड उभ्या टोस्टरसाठी नाही. वर कपाट किंवा पडदा नको.

केटल बंद होते ती वाफेमुळे: वाफ एका फटीतून खटक्याजवळच्या धातूच्या पट्टीपर्यंत जाते, पट्टी वाकते आणि खटका पडतो. झाकण उघडं राहिलं तर वाफ वरूनच निघून जाते, खटका पडत नाही आणि पाणी आटेपर्यंत केटल चालू राहते. तळाशी असलेलं कोरडेपणाचं संरक्षण हा शेवटचा उपाय आहे, रोज त्याच्या भरवशावर राहू नका. आतल्या किमान रेघेपर्यंत पाणी असलं पाहिजे, आणि केटल ज्यावर बसते त्या विजेच्या चकतीवर पाणी सांडलं असेल तर ती पुसूनच केटल ठेवा.

प्लग, सॉकेट आणि एक्स्टेंशन: सगळ्यात दुर्लक्षित जागा

एमसीबी आहे म्हणून वायरिंगची आग लागणार नाही, असं धरून चालणं ही या विषयातली सगळ्यात मोठी गैरसमजूत. एमसीबी त्याच्या क्षमतेपेक्षा जास्त प्रवाह गेला तरच पडतो. आरसीसीबी (गळती ओळखून वीज तोडणारा खटका) वीज जमिनीकडे गळाली तर पडतो. सॉकेटमधली पकड सैल झाली तर यांतलं काहीच घडत नाही, कारण प्रवाह नेहमीएवढाच असतो, फक्त तो एका खराब सांध्यातून जात असतो.

२३० व्होल्टवर २००० वॅटची केटल साधारण ८.७ अँपिअर ओढते. सैल पिनेच्या जागी जेमतेम ०.३ ओहम रोध निर्माण झाला, तर तिथे साधारण २३ वॅट उष्णता तयार होते. तारा जोडायची छोटी सोल्डरिंग आयर्न साधारण २५ वॅटची असते. म्हणजे केटल चालू असेपर्यंत प्लॅस्टिकच्या सॉकेटमध्ये एक तापलेली सोल्डरिंग आयर्न ठेवल्यासारखंच होतं, आणि एमसीबीला त्याचा पत्ताही नसतो.

हे आपल्यालाच शोधावं लागतं. जास्त वॅटचं उपकरण १५ मिनिटं चालवा, सॉकेटचं बटण बंद करा आणि मग प्लगच्या प्लॅस्टिकला हात लावा. कोमट असेल तर चालेल. हात ठेवणं नकोसं झालं तर ते सॉकेट वापरणं थांबवा. प्लग हलवला की दिवा लुकलुकणं, चर्रचर्र आवाज, पिनेभोवती तपकिरी डाग, जळक्या प्लॅस्टिकचा किंवा माशासारखा वास, ही सगळी त्याचीच लक्षणं. इलेक्ट्रिशियनकडून सॉकेट बदलून घेताना त्यात घातला जाणारा प्लगही बदला. जळून खरखरीत झालेल्या पिना नव्या सॉकेटची पकडही थोड्याच दिवसांत खराब करतात. मागच्या स्क्रूखालच्या तारा घट्ट आहेत का तेही त्याच वेळी तपासून घ्या.

एक्स्टेंशनचा हिशोब सोपा आहे. बोर्डावर १० अँपिअर लिहिलं असेल तर २३० व्होल्टवर तो २३०० वॅट सोसतो. त्यावर २००० वॅटची केटल आणि ९०० वॅटचा टोस्टर एकदम लावला तर २९०० वॅट, म्हणजे १२.६ अँपिअर. भिंतीमागचा एमसीबी १६ अँपिअरचा असेल तर तो पडणार नाही; बोर्डाची बारीक तार मात्र तापत राहील. उष्णता देणारं प्रत्येक उपकरण थेट भिंतीतल्या, त्याच्या क्षमतेच्या सॉकेटमध्ये लावा. नाइलाजाने एक्स्टेंशन वापरलंच तर एका वेळी एकच उपकरण, आणि तार पूर्ण उलगडलेली. गुंडाळलेल्या तारेतली उष्णता बाहेर पडत नाही आणि वरचं आवरण आतून वितळतं.

चिमणी

फिल्टरवर चिकट थर म्हणजे शेगडीच्या वर टांगलेलं इंधन. रोज तळण-फोडणी होत असेल तर बॅफल फिल्टर (धातूच्या वळवलेल्या पट्ट्यांचा) दोन-तीन आठवड्यांनी, एरवी महिन्याने गरम पाणी आणि भांड्याच्या साबणात अर्धा तास भिजवून घासा आणि पूर्ण वाळवून बसवा. तेल जमा होणारी वाटीही रिकामी करा, ती हमखास विसरली जाते. गॅसच्या शेगडीपासून चिमणी साधारण ६५ ते ७५ सेंटीमीटर उंच लावतात. नेमका आकडा पुस्तिकेत बघा. भांडं न ठेवता बर्नर पेटता ठेवू नका, ज्योत थेट फिल्टरला तापवते.

आग लागलीच तर

भांड्यातल्या तेलाने पेट घेतला तर:

१. हात पोचत असेल तर आच बंद करा. पेटत्या भांड्यावरून हात न्यावा लागत असेल तर नॉबचा नाद सोडा आणि बाहेरून मुख्य झडप किंवा मेन स्विच बंद करा.
२. धातूचं झाकण किंवा मोठं ताट ढालीसारखं पुढे धरून, आपल्या बाजूने पलीकडे सरकवत भांडं झाका. वरून आदळू नका. काचेचं झाकण तडकू शकतं.
३. चिमणी बंद करा, तिचा पंखा ज्वाळा वर ओढतो.
४. झाकण किमान अर्धा तास उचलू नका. तेल अजून पेटण्याइतकं गरम असेल तर हवा मिळताच पुन्हा भडकतं.

पाणी अजिबात नाही. ते तेलापेक्षा जड असल्याने तळाशी जातं, तिथे क्षणात वाफ होऊन साधारण १७०० पट फुगतं आणि पेटतं तेल छतापर्यंत उडवतं. पीठ किंवा साखरही टाकू नका, हवेत उडालेलं पीठ स्फोटासारखं पेटतं. खाण्याचा सोडा अगदी लहान आगीवर भरपूर प्रमाणात टाकला तर उपयोगी पडतो. एखाद्या चमच्याने काही होत नाही.

मायक्रोवेव्ह, ओव्हन किंवा एअर फ्रायरमध्ये आग दिसली तर दार किंवा ट्रे उघडू नका. वीज भिंतीवरून तोडा आणि आतली हवा संपू द्या. कपड्याला आग लागली तर धावू नका; जमिनीवर आडवे व्हा, चेहरा हातांनी झाका, लोळा. भाजलेल्या जागेवर २० मिनिटं साधं वाहतं गार पाणी. बर्फ, टूथपेस्ट, तूप काही नको.

आग भांड्याच्या बाहेर कपाटाला, चिमणीला किंवा पडद्याला लागली, धुरामुळे दिसेनासं झालं, की विझवण्याचा प्रयत्न सोडून द्या. सगळ्यांना बाहेर काढा, निघताना स्वयंपाकघराचं दार ओढून घ्या आणि बाहेरून अग्निशमन दलाला फोन करा.

अग्निशामक घेताना सिलिंडरवरचं अक्षर बघा. खाद्यतेलाच्या आगीसाठी एफ वर्गाचा, काही देशांत के वर्गाचा, वेट केमिकल अग्निशामक असतो. तो तेलावर साबणासारखा थर धरतो आणि तेल गारही करतो. घरोघरी दिसणाऱ्या एबीसी अग्निशामकातली कोरडी पावडर ज्वाळा मारते, पण तेल गार करत नाही, त्यामुळे ते पुन्हा पेटू शकतं; जवळून मारलं तर फवाऱ्याच्या जोराने तेल उडतं. अग्निशामक शेगडीच्या वर किंवा मागे टांगू नका. बाहेर पडण्याच्या वाटेवर, दाराशी ठेवा. धुराचा अलार्म शेगडीपासून किमान तीन मीटर लांब लावा, नाहीतर तो रोज वाजतो आणि कुणीतरी बॅटरी काढून ठेवतं. स्वयंपाकघराच्या आत उष्णतेवर चालणारा अलार्म चांगला. दोन्हींचं चाचणीचं बटण महिन्यातून एकदा दाबा.

आग विझल्यावर ते उपकरण वरून ठीक दिसलं तरी तपासून घेतल्याशिवाय चालू करू नका. आतल्या तारांचं आवरण वितळलेलं असू शकतं. पावडर वापरली असेल तर ती लवकर आणि कोरडीच झाडून मग पुसा, कारण ओलाव्यात ती धातू आणि सर्किट खाते. अग्निशामकाचा अगदी थोडा फवारा मारला असेल तरी तो पुन्हा भरून घ्या. एकदा उघडलेली झडप नीट बसत नाही आणि दाब हळूहळू निघून जातो.